सिस्टेमिक म्हणजे सिस्टिमॅटिक नव्हे

भाऊ, कपाशीच्या औषधाच्या बाटलीवर ‘सिस्टेमिक’ लिहिलंय, म्हणजे पद्धतशीर फवारा असंच ना, असं तुम्ही विचारलंय. नाही. पद्धतशीर म्हणजे सिस्टिमॅटिक. मूळ शब्द एकच, सिस्टिम. पण अर्थ पार वेगळे.

सिस्टिमॅटिक हे माणसाच्या कामाबद्दल बोलतात. एकही ओळ न सोडता पऱ्हाटी फवारली, तर ती फवारणी सिस्टिमॅटिक. सिस्टेमिकमधली सिस्टिम म्हणजे अख्खं शरीर, इथे झाडाचं. आपल्याकडे त्याला आंतरप्रवाही म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजीपेक्षाही नेमका आहे. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही सगळी त्यातली. औषध पानात शिरतं आणि रसात मिसळतं. पान उलटून पाहा, तुडतुडे खालच्या अंगाला बसून रस पीत असतात. तिथवर फवारा पोचला नाही तरी रसातून विष त्यांच्या पोटात जातं. सायपरमेथ्रिन मात्र स्पर्शजन्य. ते किडीच्या अंगाला लागलं पाहिजे, नाहीतर फवारलेलं पान तिनं खाल्लं पाहिजे.

आता एक गैरसमज. औषध झाडाच्या आत जातं म्हटल्यावर बोंडातली अळीही मरेल, असं लोक धरून चालतात. वर सांगितलेली तिन्ही औषधं रस शोषणाऱ्या किडींसाठी आहेत. गुलाबी बोंडअळी बोंडात घुसून सरकी खाते. तिच्यासाठी ही फवारू नका, पैसा वाया जाईल.

डॉक्टरही हाच शब्द वापरतात. सिस्टेमिक इन्फेक्शन म्हणजे एका जागी न थांबता साऱ्या अंगात पसरलेला संसर्ग. पेपरात ‘सिस्टेमिक फेल्युअर’ येतं, तेव्हा दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेतच मुरलेला आहे असं म्हणायचं असतं.

बाटलीवर हा शब्द दिसला की ते औषध सौम्य आहे असं अजिबात समजू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे हवेतच, मग औषध कोणतंही असो.

आणि बांधावर भेंडी-वांगी लावली असतील तर कपाशीचं उरलेलं औषध त्यांच्यावर मारू नका. आंतरप्रवाही औषध भाजीच्या आत असतं, धुऊन निघत नाही. भाजीला शिफारस असलेलंच औषध घ्या आणि फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही ते लेबलावर पाहा. अक्षर फार बारीक असतं. मुलांकडून मोबाईलवर मोठं करून वाचून घ्या.