जकात निर्वासितांना दिली तर अदा होते का? द्यायची तर कशी?

तुमचा प्रश्न असा: यंदाची जकात (मुसलमानाने आपल्या संपत्तीतून दरवर्षी काढायचं अनिवार्य दान) निर्वासित छावणीतल्या कुटुंबांना द्यायची आहे. ती अदा होईल का, आणि पैसे द्यावेत की कपडे-धान्य?

हो, अदा होते. कुराणातल्या सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि घरदार सोडून पळालेलं कुटुंब त्यातल्या बहुधा एकाहून जास्त प्रकारांत बसतं: फकीर (गरीब), मिस्कीन (अगदी निराधार), कर्जदार आणि इब्नुस्सबील, म्हणजे वाटेत अडकलेला मुसाफिर. हा शेवटचा प्रकार लोकांच्या लक्षात राहत नाही. एखाद्याचं सीरियातल्या अलेप्पोमध्ये स्वतःचं घर आहे, दुकान आहे, पण आज तो सीमेपलीकडे तंबूत राहतो आणि त्या मालमत्तेतला एक पैसा त्याच्या हाती येत नाही. कागदावर तो सधन असला तरी गरजेपुरती जकात घेऊ शकतो. स्वतःच्याच देशात विस्थापित झालेल्यांनाही हेच लागू. सीमा ओलांडली की नाही, हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा मुद्दा आहे. जकातीत गरज बघायची.

म्हणजे हकदार कोण, यावर फारसं अडत नाही. अडतं ते पैसा त्याच्या मालकीचा झाला का, यावर. हनफी फिकहमध्ये, म्हणजे हनफी पंथाच्या धर्मशास्त्रात, याला तमलीक म्हणतात: जकातीची वस्तू किंवा रक्कम घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. तिचं काय करायचं ते तो ठरवेल. हवं तर विकेलही. ही अट धरली की छावणीतल्या कामांचे सरळ दोन भाग पडतात. कुटुंबाला तंबू कायमचा देऊन टाकला, तर जकात अदा झाली. तोच तंबू संस्थेच्या मालकीचा राहिला आणि कुटुंब त्यात फक्त राहतं, तर नाही झाली. शिध्याची पिशवी हातात दिली, झाली. सामुदायिक स्वयंपाकघरात पंगतीला बसवून जेवू घातलं, तर नाही, कारण तिथे खाण्याची मुभा मिळते, अन्नाची मालकी मिळत नाही. विहीर, शाळेची इमारत, दवाखान्याचं यंत्र यांचंही तसंच. यांची गरज अजिबात कमी नाही. उलट छावणीत पाणी आधी लागतं. पण त्यासाठी सदका किंवा लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दानाची, रक्कम वेगळी काढा. काही आधुनिक उलेमा (धर्मपंडित) यात जास्त सूट देतात, तेव्हा तुम्ही ज्यांचा फतवा मानता त्यांना विचारूनच ठरवा.

भाडं आणि उधारी यांच्याबाबत एक बारकावा आहे. निर्वासित कुटुंबाला बहुतेकदा काम करण्याची परवानगी नसते, मग घरमालकाची आणि किराणावाल्याची उधारी चढत जाते. ती जकातीतून फेडता येते, पण कर्जदाराच्या संमतीने. त्याला न विचारता परस्पर दुकानदाराला पैसे दिले तर हनफी मतानुसार जकात होत नाही. आणि तुमचंच कुणाकडे येणं असेल तर ‘ते माफ केलं, तीच माझी जकात’ असं चालत नाही. आधी जकात त्याच्या हातात द्या. त्यातून त्याने तुमचं कर्ज फेडलं तर ती त्याची मर्जी.

आता संस्थेबद्दल. सर्वसाधारणपणे संस्था ही तुमची वकील, म्हणजे तुमच्या वतीने काम करणारी, असते, गरिबांची नाही. म्हणजे तुम्ही ऑनलाइन रक्कम भरली त्या दिवशी जकात फिटत नाही; ती कुटुंबाच्या हाती पडते तेव्हा फिटते. पैसे संस्थेच्या खात्यात आठ महिने पडून राहिले तर जबाबदारी तेवढे दिवस तुमच्याच डोक्यावर. म्हणून देण्याआधी लेखी विचारा: जकातीचं खातं वेगळं आहे का, वाटप किती दिवसांत पूर्ण होतं, रोख देता की सेवा, आणि प्रशासकीय खर्च जकातीतून कापता का. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर आलं म्हणजे लबाडीच आहे असं नव्हे. ‘आमिलीन’, म्हणजे जकात गोळा करणारे आणि वाटणारे, हेही आठ हकदारांपैकी एक आहेत. काही जण त्यासाठी एक अष्टमांश, म्हणजे 12.5 टक्क्यांची मर्यादा धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने 2019 मध्ये निर्वासितांसाठी जकात निधी सुरू केला. त्यांचं धोरण जकातीची सगळी रक्कम कुटुंबांपर्यंत पोचवण्याचं आहे, खर्च दुसऱ्या पैशातून भागवतात.

पैसे की वस्तू? माझं मत स्पष्ट आहे: बाजार चालू असेल तिथे रोख द्या. कपड्यांच्या गठ्ठ्यात उन्हाळी शर्ट, एकच चप्पल, चेन तुटलेलं जाकीट असं काय काय निघतं आणि ते निवडण्यातच स्वयंसेवकांचे दिवस जातात. शिवाय वस्तूची किंमत आजच्या बाजारभावाने धरायची, तुम्ही घेतली त्या भावाने नाही. आणि ती पाठवण्याचं भाडं जकातीत मोजलं जात नाही. जॉर्डनमध्ये अनेक निर्वासितांना रोख कशी मिळत आली आहे ते बघा: एटीएमसमोर उभं राहून बाई कॅमेऱ्याकडे बघते, यंत्र बुबुळावरून तिची ओळख पटवतं आणि नोटा बाहेर येतात. कार्ड नाही, पिन नाही, रांगेत उभं राहून कुणापुढे हात पसरणं नाही. सूरह बकराच्या 264व्या आयतीत उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून सदका वाया घालवू नका, असं बजावलं आहे. मदत घेणाऱ्यांचे चेहरे दाखवणारे फोटो मागताना ती आठवा.

हिशेब थोडक्यात. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मालमत्ता, साडेसात तोळे सोनं (87.48 ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (612.36 ग्रॅम), काही ठिकाणी 85 आणि 595 ग्रॅम धरतात. समजा रोख, सोनं आणि व्यापारी माल मिळून 4,00,000 आहेत आणि तातडीने फेडायची देणी 60,000. उरले 3,40,000, त्याचे अडीच टक्के 8,500. हा दर चांद्र वर्षाचा आहे, जे सुमारे 11 दिवसांनी लहान असतं. इंग्रजी तारखेने हिशेब ठेवत असाल तर 2.577 टक्के लावा, म्हणजे साधारण 8,762. बँकेच्या व्याजाची रक्कम जकात म्हणून देता येत नाही. ती सवाबची नियत (पुण्य मिळवण्याचा हेतू) न ठेवता गरजूंना देऊन मोकळं व्हायचं.

जवळचे गरीब सोडून लांब पाठवणं हनफी मतात एरवी मकरूह (नापसंत) आहे, पण तिकडची गरज जास्त असेल तर नाही. बिगरमुस्लिम विस्थापितांना बहुसंख्य फुकहांच्या (धर्मशास्त्रज्ञांच्या) मते जकात नव्हे तर सदका द्यावा, आणि तो मोकळ्या हाताने द्यावा. फितरा, म्हणजे रमजान संपताना द्यायचं दान, मात्र वेळेत पोचला पाहिजे, ईदच्या नमाजआधी. लांबच्या छावणीसाठी द्यायचा असेल तर रमजानच्या सुरुवातीलाच भरा.

आणि रमजानची वाटच बघायला हवी असं नाही. त्या महिन्यात पैसा लोटतो आणि पुढे थंडीत, इंधन आणि रजया लागतात तेव्हा, हात आखडतात. निसाबचे मालक असाल तर जकात आगाऊ देता येते. अंदाजाने दरमहा हप्ता ठरवा, प्रत्येक वेळी जकातीची नियत करा आणि वहीत तारीख-रक्कम लिहून ठेवा. वर्ष भरलं की खरा हिशेब करा: कमी पडली तर उरलेली लगेच भरा, जास्त गेली तर पुढच्या वर्षात धरा.