टीव्हीवरच्या शेफ लोकांमुळे स्वयंपाक करणाऱ्याला खरंच प्रतिष्ठा आली आहे का? मुलाला शेफ होऊ द्यावं का?

तुमचा मुलगा बारावीला आहे, त्याला हॉटेल मॅनेजमेंटला जायचंय, आणि तुमचे वडील म्हणतात, "आपल्या घराण्यात कोणी आचारी झालेलं नाही." प्रश्नाखाली तुम्ही एवढंच लिहिलंय. तुमच्या वडिलांचं ते वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते.

कोट घालून, इंग्रजी बोलत रांधणाऱ्याला प्रतिष्ठा आली. तेच जेवण पदर खोचून रांधणारी बाई अजून खानावळवालीच आहे. माझं मत हे असं आहे.

मी मालवणची. वायरीच्या रस्त्याला आमची खानावळ आहे, चाळीस वर्षांच्या वर झाली. ती आईची. माझे वडील लालबागला गिरणीत होते आणि लग्न होऊन गेल्यापासून आई तिथल्या दहा बाय बाराच्या खोलीत बारा मेंबरांना, म्हणजे पगाराला पैसे देऊन रोज जेवणाऱ्या कामगारांना, जेवण घालायची. गिरणगावात अशा बायका चाळीचाळीत होत्या. बायकोपोरं गावी ठेवून आलेला कामगार त्यांच्या जिवावर पाळ्या करत होता. मेंबर पैसे देणार पगाराला, तोवर वाण्याची उधारी बाईच्या नावावर आणि सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मेंबर एकेक करून गावी गेले, बऱ्याच जणांची बाकी राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी आई आम्हा दोन पोरांना आणि पाटा-वरवंटा घेऊन मालवणला परत आली आणि घराच्या पडवीत चार बाकडी टाकली.

त्या बाकड्यांवर मी आणि माझा थोरला भाऊ शिकलो. तरी २००० साली मला पाहायला कुडाळची मंडळी येणार होती, तेव्हा दादाने सकाळी खानावळीचा बोर्ड काढला आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवला. पाहुण्यांना सांगितलं, आई घरीच असते. आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना, त्यात दोन एसटीचे ड्रायव्हर होते, फाटकातूनच परत पाठवलं. रात्री आईने दादाला एवढंच विचारलं, "उद्या बोर्ड परत लावशीत मा रे?" त्या मंडळींना नंतर कुठून तरी कळलंच आणि खानावळवालीची मुलगी नको म्हणून निरोप आला. माझं लग्न पुढे दुसरीकडे चांगलं झालं, त्याची खंत मला नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या बोर्डाची आहे.

आता हॉटेलची गोष्ट सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचा अर्धा भाग त्यात आहे.

२०११ च्या नोव्हेंबरात मुंबईतल्या एका पंचतारांकित हॉटेलने दहा दिवसांचा मालवणी महोत्सव ठेवला होता. त्यांचा एक मॅनेजर सुट्टीत आमच्याकडे जेवून गेला होता, त्याने आईला बोलावलं. दहा दिवसांचे पंधरा हजार आणि येण्याजाण्याचं भाडं. कुडाळहून कोकणकन्या पकडून आम्ही दोघी गेलो. सोबत उकडे तांदूळ, आमसुलं, घरच्या मसाल्याचा डबा आणि माशाच्या कढीत घालायची तिरफळं. पाटा न्यायचा होता, पण तिथे दगड चालत नाही म्हणाले. किचनचे मुख्य शेफ पस्तिशीचे, टीव्हीवर एक-दोनदा दिसलेले, बोलायला अगदी नम्र. आईला मावशी म्हणायचे.

पहिल्याच दिवशी दहा किलो बांगड्याच्या कढीचं वाटप, म्हणजे वाटण, करायचं होतं. त्यांनी खोबरं, मिरची, हळद आणि तिरफळं सगळं एकदम मिक्सरात घातलं. आई म्हणाली, "तिरफळा वाटूची नसतत, बाबा. कडू जातत." शेफ म्हणाले, "मावशी, फ्लेवर पूर्ण उतरायला हवा." कढी झाली, त्यांनी चमचाभर तोंडात घेतली, काही बोलले नाहीत आणि सगळं पातेलं ओतून द्यायला सांगितलं. मग आईकडे वळून म्हणाले, "दाखवा."

आईने मूठभर तिरफळं तळहातावर घेतली. सुकलेलं तिरफळ उकललेलं असतं, आत काळं चकचकीत बी अडकून राहतं. ते एकेक करून काढून टाकलं. उरलेल्या सालांना बत्त्याने नुसतं दुखवलं आणि वाटीभर पाण्यात टाकून ठेवलं. खोबरं थोडं थोडं, गार पाणी घालून फिरवायला लावलं, कारण मिक्सर तापला की खोबऱ्याचं तेल सुटतं आणि कढी फाटते. पाट्यावर हा त्रास नसतो. कढीला कड आला तेव्हा बांगडे, आमसुलं आणि त्या पाण्यासकट तिरफळं आत गेली. फोडणी नाही. वरून कच्च्या खोबरेल तेलाची धार आणि लगेच झाकण. गॅस बंद. शेफनी झाकण काढलं तेव्हा आजूबाजूची चार-पाच पोरं हातातलं काम सोडून वास घ्यायला आली. त्यांच्यात एक देवगडचा होता. तो बाजूला जाऊन डोळे पुसून आला.

पुढचे नऊ दिवस आईने सांगितलं तसंच झालं. सोलकढीत रंगासाठी बीट घालायचं ठरलं होतं, तेही तिने घालू दिलं नाही. संध्याकाळी हॉल भरायचा. कोणी ना कोणी म्हणायचं, शेफला बोलवा. मग शेफ नवा कोट चढवून बाहेर जायचे, टेबलाटेबलाशी उभे राहायचे, फोटो निघायचे. आई आतच. मेनू कार्डावर त्यांचं नाव आणि खाली बारीक अक्षरात "पारंपरिक पाककृतींवर आधारित".

मी हे इतकं ताणून सांगतेय ते एका साडीसाठी. आईने एक नवी साडी सोबत नेली होती. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला ती कपडे बदलायच्या खोलीत जाऊन ती नेसून यायची, कदाचित बोलावतील म्हणून. दहा दिवस रोज नेसली आणि रोज रात्री घडी घालून ठेवली. मी एकदाही शेफना जाऊन सांगितलं नाही की आज आईला बाहेर न्या. मी सांगायला हवं होतं.

तर प्रतिष्ठा कोणाला मिळाली, तुम्हीच ठरवा. आणि यात श्रीमंत-गरीब आहेच. पाहुण्यांना बोलायला त्यांच्यासारखा दिसणारा, त्यांच्यासारखा बोलणारा माणूस हवा असतो. माशांचंही तेच. सुरमई, पापलेट, कोळंबी यांना मान. पेडवे आणि तारले हे लहान मासे बाजारात वाट्यावर मिळतात, म्हणून ते गरिबाचे. चवीत पेडव्याच्या तिखल्याला सुरमई हात लावू शकत नाही. पण पेडवा त्याच दिवशी खावा लागतो, दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, आणि काटे हाताने सोडवावे लागतात. काट्या-चमच्याच्या टेबलावर तो पोचतच नाही. नाचणीची भाकरी आम्ही लहानपणी शाळेत डब्यातून लपवून खायचो. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तीच नाचणी हॉटेलच्या कार्डावर चढली. भाकरी थापणाऱ्या बाईची मजुरी त्याने वाढलेली मला दिसली नाही.

दादाशी माझं भांडण यावरूनच आहे. त्याचं म्हणणं, बोर्डावरून पेडवे आणि पेज काढ, फक्त सुरमई थाळी, पापलेट थाळी, कोळंबी थाळी ठेव, पर्यटकांना तेच हवं असतं, गरिबाचं खाणं विकून कोणी वर येत नाही. आता त्याचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट शिकतोय आणि "माझा मुलगा शेफ होणार" हे दादा सगळ्यांना स्वतःहून सांगतो. मला त्या पोराचं कौतुकच आहे. गेल्या गणपतीत आला तेव्हा आईसोबत पहाटे उठून उकड्या तांदळाची पेज त्यानेच केली, सुका बांगडा निखाऱ्यावर भाजला आणि म्हणाला, "आजी, आमच्या कॉलेजच्या स्पर्धेत मी हेच करणार." दादा शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. आई बोर्ड परत लावायला सांगत होती त्या रात्रीही तो असाच बसला होता.

आता तुमच्या मुलाचं. घालू द्या त्याला शेफचा कोट. दादरची सरकारी हॉटेल मॅनेजमेंट संस्था १९५४ पासूनची आहे, बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. खाजगी कॉलेजांत लाखो रुपये भरण्याआधी ती नीट द्यायला लावा. टीव्हीवर जे दिसतं ते कामाचं शेवटचं टोक आहे. सुरुवातीची वर्षं कांदे सोलण्यात, बारा-बारा तास उभं राहण्यात आणि दिवाळीच्या दिवशी ड्यूटी करण्यात जातात. पगार सुरुवातीला तुटपुंजा असतो. हे त्याला आवडणार असेल तरच.

एक गोष्ट राहिली, तीही सांगायला हवी. मी टीव्हीवरच्या शेफना सरसकट नावं ठेवत नाही. १९९३ मध्ये संजीव कपूर 'खाना खजाना'तून घराघरात आले तेव्हा पुरुषाने हातात झारा धरणं ही शरमेची गोष्ट नाही हे आमच्या मालवणातल्या बाप्यांनाही पटायला लागलं. विष्णू मनोहरांनी २०१७ मध्ये नागपुरात सलग पन्नास तासांहून जास्त रांधलं, ते अंगमेहनतीचंच काम आहे. आणि त्या हॉटेलातले शेफही वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या वर्षी स्वतःच्या खर्चाने मालवणला आले, दोन दिवस आईजवळ पाटावर बसून शिकले, जाताना पाया पडले. पुढे दुसरीकडे नोकरी धरली तेव्हा तिथल्या कार्डावर त्यांनी आईचं नाव छापलं. मालकाने ते काढायला लावलं. हे त्यांनीच फोन करून सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज लागत नव्हता. म्हणजे कोट घालूनही सगळं त्यांच्या हातात नव्हतं. मुलाला हेही माहीत असू दे.

कॉलेजला जायच्या आधी त्याला आमच्याकडे पाठवा. १ जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी मे महिन्यात पंधरा दिवस आला तरी पुरे. राहायला माळ्यावरची खोली आहे, पैसे घेणार नाही. सकाळी माझ्यासोबत बाजारात यायचं, वाटा निवडायचा, पेडवे साफ करायचे, खोबरं खवायचं. आई सत्तरीच्या पुढे आहे, पण वाटप अजून तीच बघते, आणि चुकलं तर स्पष्ट सांगते.

त्याला सोडायला याल तेव्हा तुमच्या वडिलांनाही घेऊन या. जेवण साडेबाराला सुरू होतं. आईच स्वतः वाढेल त्यांना.