ग्लेन मिलरचा आवाज आपल्या बँडला बसेल का?

प्रश्न : आमच्या बँडमध्ये एक क्लॅरिनेट, दोन अल्टो आणि दोन टेनर सॅक्सोफोन आहेत. लगीनसराईत ग्लेन मिलर या अमेरिकी बँडप्रमुखाच्या ऑर्केस्ट्राचा तो मऊ आवाज काढायचा आहे. सगळे मिळून चाल वाजवतो, तरी तसा येत नाही. मिलरकडे तो पहिल्यापासून होता का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : नव्हता. बेन पोलॅकच्या बँडमध्ये मिलर ट्रॉम्बोन वाजवायचा. 1928 मध्ये तिथे जॅक टीगार्डन हा दुसरा ट्रॉम्बोनवाला आला आणि मिलरच्या वाट्याचे सोलो आटले. मग त्याने अरेंजिंगवर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिण्यावर, जोर दिला, न्यूयॉर्कला संगीतरचनेचे शिक्षक जोसेफ शिलिंगर यांच्याकडे शिकला. 1935 मध्ये त्याने रे नोबल या इंग्रज बँडप्रमुखाला अमेरिकेत ऑर्केस्ट्रा जमवून दिला. स्वतःचा पहिला बँड 1937 मध्ये काढला, तो वर्षभरही टिकला नाही. इतर बँडांहून वेगळं त्यात काही ऐकू येत नव्हतं. 1938 मध्ये नव्याने जुळवाजुळव करून त्याने चाल विल्बर श्वार्ट्झच्या क्लॅरिनेटकडे सोपवली. 1939 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कजवळच्या ग्लेन आयलंड कसिनो या नृत्यगृहातून रेडिओवर तो आवाज घरोघरी पोचला.

तुमचं अडतंय ते इथेच : पाचही जण चाल वाजवताहेत. चाल फक्त दोघांची, क्लॅरिनेटची आणि पहिल्या टेनरची. दोन्ही वाद्यं बी फ्लॅटची (कागदावरचा सी वाजवला की बी फ्लॅट ऐकू येतो), म्हणून दोघांपुढे एकच कागद ठेवा. टेनर आपोआप एक सप्तक खाली वाजतो. बाकीचे तिघे या दोघांच्या मधल्या जागेत. पांढरी एकचा, म्हणजे सी चा, सा धरा. चाल तार सा वर आली की अल्टोंना ध आणि प, दुसऱ्या टेनरला ग. कागदावर चालवाल्यांना डी, अल्टोंना (ही वाद्यं ई फ्लॅटची) एफ शार्प आणि ई, दुसऱ्या टेनरला एफ शार्प. चाल हलली की हे तिघेही तिच्याबरोबर हलले पाहिजेत, आणि श्वास पाचांनी एकाच जागी घ्यायचा. खरी गोडी या मधल्या तिघांत आहे, त्यांची तालीम आधी वेगळी घ्या.

पट्टी जपून निवडा. कागदावरच्या मधल्या जी, ए, बी फ्लॅटवर क्लॅरिनेटचा आवाज फिका पडतो. चाल त्याच्या वर ठेवा. फार वर नेली तर टेनर चढा लागतो. मे महिन्याच्या उन्हात वाद्यं चढतातच, म्हणून मांडवात पोचल्यावर पुन्हा सूर जुळवा : क्लॅरिनेटचं बॅरल (माउथपीसखालचा आखूड तुकडा) किंचित बाहेर ओढा, सॅक्सोफोनचं माउथपीसही कॉर्कवरून किंचित बाहेर घ्या.

वरातीत मात्र हा प्रकार नको, जेवणाच्या वेळी वाजवा, आणि माईक क्लॅरिनेटपुढे ठेवा. ढोल-ताशात क्लॅरिनेट बुडालं की वरची चाल जाते आणि मधले सूर नुसते घुमत राहतात.