सध्या उशाशी काय? सोलापूरकरांची पत्रं

मागच्या अंकात नुसतंच विचारलं होतं की सध्या काय वाचताय आणि वाचताना कुठं अडतंय, तर सोलापुरातनं एवढी पत्रं आली की यावेळचं पान त्यांनाच देऊन टाकलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून सगळ्यांचीच नावं गाळली.

प्रश्न : रिटायर होऊन दोन वर्षं झाली. सध्या चार पुस्तकं चालू आहेत, संपत एकही नाही. एक 1930 च्या सोलापूरच्या मार्शल लॉवरचं, एक चीनला गेलेल्या डॉ. कोटणीसांचं चरित्र, एक आयुर्वेदाचं, चौथं कुठलं ते आत्ता आठवेना. बायको म्हणते हे वाचन नाही, पसारा आहे.

उत्तर : काका, काकूंचं बरोबर आहे. आयुर्वेदाचं सोडा, ते कोणीच सलग वाचत नाही. मार्शल लॉचं आधी घ्या. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा आणि शिंदे या चौघांना 12 जानेवारी 1931 ला फाशी दिली आणि नेमकं त्याच सुमाराला आपल्याकडं सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असतो, म्हणजे तोवर वाचून झालं तर यात्रेला जाताना त्यांच्या चार पुतळ्यांपाशी दोन मिनिटं थांबावंसं वाटेल. कोटणीसांचं स्मारक भैय्या चौकातच आहे, पळून नाही जात.

प्रश्न : मी दुकानात अकाउंट्स बघते. घरी अम्मा विड्या वळते, दिवसाला हजार व्हायला पाहिजेत म्हणून रात्री जेवणानंतरपण सूप मांडीवर असतंच. मी तिला लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवतेय. तिला मराठी बोलायला येतं पण पुस्तकातलं सगळं कळत नाही, मग मी एक परिच्छेद वाचते आणि तेलुगूत सांगते, आणि सांगताना माझंच काहीतरी घुसतं. लक्ष्मीबाईंच्या वडलांचं सोवळं एवढं की मीठसुद्धा धुवून घ्यायचे, हे सांगितलं तर अम्माचा हात थांबला. "उप्पु? धुतल्यावर राहतं काय?" म्हणाली आणि एवढी हसली की पानं सांडली. पण आता लक्ष्मीबाईंचा नवरा, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले आणि बाई वेगळी राहायला लागली तिथं आलोय, तर रोज विड्या घेऊन बसली की पहिला प्रश्न हाच, गेली का परत? मी पुढचं वाचून ठेवलंय. सांगून टाकू का? आणि असं वाचलेलं वाचलं म्हणायचं का?

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगतो. म्हणायचं, आणि दोघींनी म्हणायचं. लक्ष्मीबाई स्वतः शाळेत गेलेल्या नव्हत्या, नवऱ्यानं अक्षरं शिकवली, आणि लिहिलं ते समोर बसून बोलल्यासारखं. ते पुस्तक वाचण्याआधी ऐकण्याचंच आहे, त्यामुळं तुमच्या अम्माला ते आपल्यापेक्षा बरं लागत असणार. तुमचं काहीतरी घुसतं म्हणता, ते घुसू दे, फक्त प्रसंग बदलू नका.

आता पहिलं. अजिबात सांगू नका! अम्माचा प्रश्न एकदम बरोबर जागेवर आहे. टिळकांचं धर्मांतर 1895 चं, बाईंचा बाप्तिस्मा 1900 चा, आणि मधली वर्षं म्हणजेच तर पुस्तकाचा जीव. त्या परत जातात तेव्हाही लगेच धर्म बदलत नाहीत, एका घरात राहून आपलं सोवळं सांभाळतात, नवऱ्याला पटलं म्हणून नाही तर स्वतःला पटल्यावर पुढचं पाऊल टाकतात. 'गेली' आणि 'झाली' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अम्माला विड्या वळता वळता आपोआप कळू दे. एकच काळजी घ्या, मुलं दगावण्याचे प्रसंग येतात ते रात्री उशिरा नका वाचू, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कामाला बसायचं असतं माणसाला. आणि अम्मा पुढं काय म्हणाली ते आम्हाला कळवाच.

प्रश्न : मी अक्कलकोट तालुक्यातला, सोलापुरात बी.ए. ला आहे. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' लावलंय. एवढंसं पुस्तक, पण दहा पानांच्या वर जात नाही, बंद करून फिरून येतो. नावाचा अर्थ विचारला तर आजोबा म्हणाले ती शिवी आहे, घरात बोलू नको. सरांना विचारायला लाजलो.

उत्तर : आजोबा खरं बोलले, पण अर्धं. सोन्याच्या जुन्या मापात बारा मासे म्हणजे एक तोळा. अकरा मासे भरलं तर तोळ्याला एक कमी, म्हणजे हिणकस. तेच माप माणसाला लावलं, लग्नाबाहेर जन्मलेल्या पोराला. लिंबाळ्यांनी 1984 मध्ये ती शिवी उचलून आपल्याच आत्मकथनावर नाव म्हणून लावली. लिंबाळ्यांचं गाव हन्नूर तुमच्याच तालुक्यातलं, त्यामुळं तुम्हाला ती बोली, ती गल्ली, तो पाणवठा ओळखीचा वाटत असणार आणि म्हणूनच जड जातंय. पुण्यातल्या वाचकाला ते दुसऱ्याचं गाव वाटतं. दहा पानं तर दहा पानं, परीक्षेची घाई नसेल तर काय बिघडतंय. फक्त आजी संतामाई आणि तिच्याबरोबर राहणारे दादा, महमूद दस्तगीर जमादार, यांच्याविषयीची पानं घाईत उरकू नका. जात, धर्म, रक्त सगळं बाजूला ठेवून तो माणूस त्या पोरांना सांभाळतो. आणि सरांना विचारा हो, लाजायचं काय त्यात!

प्रश्न : शेजारणीनं कादंबरी नेली, तीन महिन्यांनी परत दिली, मधल्या चार पानांवर शेंगाचटणीचं तेल. काय करू?

उत्तर : पानाच्या दोन्ही बाजूंना कोरा टिपकागद ठेवा, डागावर टाल्कम पावडर नाहीतर कॉर्नफ्लोअर भुरभुरवा, वर जड डिक्शनरी आणि रात्रभर तसंच. सकाळी मऊ ब्रशनं झटका, दोनतीनदा करा. डाग फिका होतो, जात नाही. चटणी कुठली होती तेवढं शेजारणीला विचारून ठेवा, पुस्तकात एवढं तेल सुटलं म्हणजे खलबत्त्यातली असणार.