नागिणीच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा कशाला? नुसता लेप चालणार नाही का?

तुमच्या आईंना नागीण उठलीय, डॉक्टरांनी अॅसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाचदा, सात दिवस लिहून दिलंय, आणि घरातले गेरूचा लेप लावा म्हणताहेत, असं तुम्ही लिहिलंय.

पंचवटीत माझं मेडिकल आहे. गोळ्या आजच सुरू करा. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत घेतल्या तर खरा उपयोग. माझ्या सासूबाईंना निफाडला ऐन द्राक्षतोडणीत नागीण झाली. बाग सोडवेना, गावातच लेप घेतला, आमच्याकडे आल्या तो सहावा दिवस. फोड सुकले, पण बरगडीखालची आग वर्षभर राहिली. पदर लागला तरी कळवळायच्या. मला आधी कळायला हवं होतं, हे अजून सलतं.

लेप कातडीवर बसतो. विषाणू मात्र लहानपणीच्या कांजिण्यांपासून मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत दडलेला असतो आणि मज्जातंतूच्या वाटेनेच बाहेर येतो. म्हणून पट्टा बहुतेक एकाच बाजूला उठतो. वेढा पुरा झाला की माणूस जातो, हे खोटं आहे. आईंना ते आधी सांगा.

या औषधाचं मला फार अप्रूप आहे. विषाणूला मारायचं तर आपली पेशीही मरणार, असं पूर्वी बरेच शास्त्रज्ञ मानत. अमेरिकेतल्या औषधशास्त्रज्ञ गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने 1970च्या दशकात ते खोटं ठरवलं. अॅसायक्लोव्हिर दिसतं डीएनएच्या एका घटकासारखं, पण त्याची साखरेची कडी अर्धवट आहे. ते जागं होतं विषाणूच्याच एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. म्हणजे ते मुख्यतः बाधित पेशीतच कामाला लागतं. विषाणू नवा डीएनए विणताना हा घटक ओवतो आणि पुढचा मणी अडकवायला जागाच उरत नाही. एलियन यांना 1988 साली नोबेल मिळालं. त्यांनी पीएचडी केलेली नव्हती.

आता पाच वेळा का. गोळीतला जेमतेम पाचवा भाग रक्तात उतरतो, आणि तोही सुमारे तीन तासांत निम्मा होतो. व्हॅलासायक्लोव्हिर हे याच औषधाचं दुसरं रूप जास्त शोषलं जातं, म्हणून ते तीनदा पुरतं. पाचदा जमणार नसेल तर डॉक्टरांना ते विचारा.

सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6, रात्री 10 असा गजर लावा. पाणी भरपूर द्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा कमी करावी लागते. आणि फोड कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या, उद्यावर टाकू नका.