वाचकांचे प्रश्न: खपली गहू महाग का, आणि त्याची चपाती का तुटते?

प्रश्न (एक वाचक भगिनी, सांगली): बाजारात लोकवन आणि खपलीची पोती शेजारी शेजारी असतात आणि खपलीचा दर दुपटीच्या वर सांगतात. एवढा महाग का, आणि खरा खपली ओळखायचा कसा?

ताई, दोन्हीचं उत्तर त्याच्या सालीत आहे. लोकवन म्हणा, शरबती म्हणा, बन्सी म्हणा, मळणीतून काढला की दाणा मोकळा होऊन पडतो. खपलीचं तसं होत नाही, मळणीत ओंबीचे नुसते तुकडे पडतात आणि एकेका तुकड्यात बहुतेक दोन दोन दाणे सालीत घट्ट बसलेले असतात, मग ते कांडायचे (पूर्वी बायका उखळात मुसळाने कांडायच्या, आता मशीन आहे), पाखडायचे, निवडायचे. यात पाव हिस्सा वजन फोलपटातच जातं, वर कांडपाची मजुरी, थोडे दाणे तुटतात ते वेगळे, आणि मुळात एकरी उतारा लोकवनपेक्षा कमी. तेव्हा दुप्पट दर मला तरी पटतो. पण चकचकीत पॅकेटवर "पुरातन गहू" छापून चौपट मागत असेल तर ते पैसे पॅकेटचे, गव्हाचे नाहीत.

ओळखायचं म्हणाल तर दाणा लांबट, सडसडीत, दोन्ही टोकांना निमुळता आणि तांबूस. लोकवन गुबगुबीत असतो त्यामुळे त्याच्याशी घोटाळा होत नाही, होतो तो बन्सीशी, कारण तोही लांबट आणि कडक, पण बन्सीचा रंग पिवळसर आणि दाणा जास्त भरलेला. पोत्यात हात घालून बघा, एखादा न सुटलेला सालीसकट दाणा हाताला लागला तर चांगली खूण. नाही लागला म्हणून लगेच दुकानदाराशी भांडू नका, हल्ली माल मशीनवर साफ होऊन येतो. आणि कृष्णाकाठी ओळखीचा शेतकरी असेल तर सरळ सालीसकटच घ्या की, सालीत असेपर्यंत कीड कमी लागते, लागेल तसा कांडून आणायचा.

प्रश्न (एक वाचक, कराड): मला शुगर आहे. मुलगी म्हणते खपली खा, त्यात ग्लुटेन नसतं.

काका, असतं. खपली हा गहूच आहे आणि गव्हात ग्लुटेन (कणकेला चिकटपणा देणारं प्रथिन) असणारच. ज्यांना सिलिअॅक आजार आहे, म्हणजे ग्लुटेन सोसतच नाही, त्यांनी खपलीला अजिबात हात लावायचा नाही. शुगरचं म्हणाल तर फायबर आणि प्रोटीन चांगलं आहे, अख्खा किंवा जाडसर भरडून खाल्ला तर सावकाश पचतो, पण पीठ ते पीठच, चपात्या मोजूनच खायच्या आणि गोळी कमी करायची ती डॉक्टर सांगतील तेव्हाच. "खपलीची आहे, चालते" म्हणून गुळाच्या खिरीच्या दोन वाट्या रिचवणारे शुगरवाले मी पंगतीत बघितलेत!

प्रश्न (एक वाचक भगिनी, कोरेगाव): चपाती लाटताना कडेला चिरा पडतात, शेकल्यावर तुटते. गहू भेसळीचा असेल का?

नाही हो, उलट अस्सल असेल. लोकवन ज्या जातीतला तिची गुणसूत्रं ४२, खपलीची २८. त्या जादा १४ मधून पिठाला ताण देणारी काही प्रथिनं येतात, ती खपलीत नाहीतच, म्हणून कणीक ओढली की लांबत नाही, तुटते. कोमट पाण्यात सैलसर मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि सुरुवातीला निम्मं लोकवनचं पीठ घाला. पण खरं सांगू का, खपली चपातीवर खर्च करायचा गहूच नाही. लापशी, रवा, शेवया, कुरडया, आणि सगळ्यात वरचढ म्हणजे खीर, आपल्याकडे यात्रेच्या, उरुसाच्या जेवणात कढईभर शिजते ती. रात्रभर भिजवायचा, सकाळी कुकरला भरपूर शिट्ट्या, दाणा बोटाने चेपला गेला पाहिजे आणि मगच गूळ घालायचा, आधी घातला तर दाणा आकसतो आणि मग कितीही उकळा, कच्चाच राहतो. वर सुंठ, वेलदोडा, बडीशेप, ओलं खोबरं. एवढं शिजून दाण्याचा लगदा होत नाही, दाताखाली येतो, ते लोकवनच्या खिरीत नाही मिळत.

प्रश्न (एक शेतकरी, पलूस): सोयाबीन निघाल्यावर अर्धा एकर खपली करायचा विचार आहे. बी कांडून पेरायचं का आणि वाण कुठला?

कांडून अजिबात नको, कांडताना कोंब दुखावतो आणि निम्मं उगवत नाही. सालीसकटच पेरा, फक्त साल भिजायला वेळ लागतो म्हणून ओल नीट पाहिजे. जुना गावठी खपली उंच वाढतो आणि वाऱ्यापाण्यात लोळतो, त्यापेक्षा धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा डीडीके १०२९ किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस २९७१ बघा, हे बुटके आहेत. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका.

तांबेऱ्याला (गव्हावर गंजासारखे डाग पाडणारा बुरशीचा रोग) खपली मुळातच दणकट. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हाईन या पीकरोगांच्या शास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखायला १२ गव्हांचा जो संच ठरवला त्यात एक गहू खपली होता, तोही ह्याच नावाने, आणि पुढे ऑस्ट्रेलियात त्याच्यापासून खॅपस्टीन नावाचा गहू काढला. आपल्याला मात्र तो खिरीपुरता आठवतो.

गहू स्वपरागी (स्वतःच्याच परागाने दाणा धरणारा) असल्याने पुढच्या वर्षी घरचंच बी ठेवता येतं, मात्र मळणीच्या वेळी मशीनमध्ये आधीचा लोकवन राहिला नाही ना ते बघा. आणि बी आणायच्या आधी गिरण्यांची चौकशी करा, खपली सगळ्यांनाच नीट कांडता येत नाही आणि जवळ कुणी नसलं तर वाहतुकीतच तुमचा जादा दर जातो. नाहीच सापडलं तर सालीसकट माल घेणारं गिऱ्हाईक आधी ठरवा, मग पेरा.