फुकट तिकीट आहे हो, पण पायरीचं काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या महिन्यात पत्रं जवळपास सगळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या येण्याजाण्याबद्दलच आलीत, त्यातली तीन घेतोय.

प्रश्न : आई ७६ वर्षांची, वाईजवळच्या गावात एकटी राहते. आधी अधूनमधून पुण्याला माझ्याकडे यायची, आता एसटी पूर्ण फुकट झाली तर म्हणते नको गं, तूच ये. गुडघे दुखतात म्हणते पण गावात सगळीकडे फिरते, देवळात जाते, शेतावर जाते. हा हट्ट समजायचा का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, हट्ट वगैरे काही नाही. गावात फिरते ती सपाटीवर. तुम्ही एकदा लालपरीची पहिली पायरी नीट बघा, फुटाच्या वर असते, त्यात गाडी फाट्यावर थांबली की चाकं डांबरावर आणि आपण खाली साइडपट्टीच्या मातीत, म्हणजे अजून चार बोटं वाढली, एका हातात पिशवी, मागून कॉलेजची पोरं घुसतायत आणि कंडक्टर म्हणतोय आजी चला लवकर. पडायची भीती वाटते आणि चारचौघांत कुणीतरी ढकलून चढवायचं याची लाजही वाटते. अजून एक कारण आहे जे ती तुम्हाला सांगणारच नाही, ते म्हणजे लघवीचं. स्टँडवरच्या बाथरूमला जायला नको म्हणून बऱ्याच आज्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग उन्हात चक्कर येते आणि आपण म्हणतो प्रवास झेपत नाही.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत झाला, अगदी शिवनेरीसुद्धा. ६५ ते ७५ वाल्यांना अर्धं तिकीट, आणि बायकांना तर मार्च २०२३ पासून वय काहीही असो अर्धंच. चांगलंच केलं, त्याबद्दल वाद नाही. पण तिकीट माफ झालं, पायरी माफ झाली नाही, आणि आमच्या मते आज्यांचं घोडं तिथेच अडलंय.

आता करायचं काय, तर फाट्यावरून बसवूच नका. गावातून वडापने (शेअर जीपने) किंवा ओळखीच्या रिक्षाने वाई स्टँडला आणा आणि वाईतूनच सुटणारी पुण्याची गाडी धरा. ती फलाटाला आधीपासून लागलेली असते, गर्दी व्हायच्या आत निवांत चढता येतं आणि दाराजवळची सीट मिळते. फाट्यावर गाडी अर्धा मिनिट पण थांबत नाही. सोमवार सकाळ, शनिवार-रविवार आणि बाजाराचा दिवस टाळा. पिशव्या आधी कुणाकडे तरी वर द्यायच्या, दोन्ही हात दांड्याला मोकळे पाहिजेत. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हे फिजिओवाले शिकवतात, आईकडून घरच्या जिन्यावर करून घ्या. बसल्या बसल्या कंडक्टरला सांगून ठेवायचं की स्वारगेटला उतरताना वेळ लागेल, सांगितलं की बहुतेक जण थांबतात. आणि तुम्ही स्टँडच्या गेटबाहेर गाडी लावून फोन करत बसू नका, थेट बसच्या दाराशी उभ्या राहा.

आधार कार्ड मात्र बघून घ्या. जुन्या बऱ्याच कार्डांवर पूर्ण जन्मतारीख नसते, नुसतं साल असतं, आणि मग गाडीत वयावरून हुज्जत होते. जन्माचा काही पुरावा असेल तर आधार केंद्रात तारीख टाकून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको, ७१ आणि ६६. नागपूरला मुलीकडे जाताना कायम मिडल नाहीतर अप्पर बर्थ येतो. तिकीट मुलगा काढतो, तो, सून आणि आम्ही असं चौघांचं एकत्रच. वय बरोबर टाकतो तरी असं का?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : काका, चौघांचं एकत्र काढता तिथेच घोळ आहे. ज्येष्ठांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो, पुरुष ६० च्या पुढे आणि बायका ४५ च्या पुढे, पण तो एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील आणि दोघंही त्या वयात बसत असतील तरच लागतो. मुलगा-सून त्याच तिकिटावर आले की गेला कोटा. तुमच्या दोघांचं वेगळं काढायला सांगा, कोटा निवडताना ज्येष्ठ नागरिकवाला निवडायचा, आणि लवकर काढा, कारण स्लीपरच्या अख्ख्या डब्यात असे सहा-सातच बर्थ असतात. डबा वेगळा आला तर आला, मुलगा येईल की चहा घेऊन. तरीही वरचा आलाच तर टीसीला विचारा, लोअर रिकामा असेल तर तो देऊ शकतो. तिकिटातली सवलत मात्र २० मार्च २०२० ला बंद झाली ती अजून सुरू नाही, त्याची वाट बघत बुकिंग लांबवू नका.

प्रश्न : बाबा ७८, अजून स्कूटर चालवतात. दोनदा घसरले. चावी लपवली तर घरात तीन दिवस अबोला. लायसन्स रिन्यू करूच नये का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कायद्यात वरची वयोमर्यादा नाहीये. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं आणि त्याला फॉर्म १ए, म्हणजे डॉक्टरचं तब्येतीचं सर्टिफिकेट लागतं. तर तो फॉर्म नुसता सही-शिक्क्यापुरता नको, नेहमीच्या डॉक्टरांकडे बाबांना घेऊन जा, डोळे, कान, मान वळते का, गोळ्यांनी झापड येते का, सगळं खरंखुरं तपासून घ्या आणि निकाल डॉक्टरांनाच तोंडावर सांगू द्या. मुलाचं ऐकणार नाहीत, डॉक्टरचं ऐकतील.

चावी लपवणं अगदी चूक. बाबांचा राग स्कूटरसाठी नाही, उद्या दुधाच्या पिशवीसाठी पण तुम्हाला विचारावं लागेल यासाठी आहे. म्हणून स्कूटर थांबवायच्या आधी दुसरी सोय उभी करा. पेट्रोल, इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, पंक्चर सगळं धरून महिन्याला किती जातं ते काढा, त्यात थोडे स्वतःचे घाला आणि दर एक तारखेला रिक्षाचे पैसे म्हणून त्यांच्या हातात रोख द्या, हिशेब मागायचा नाही. कॉलनीतला एक रिक्षावाला ठरवून ठेवा ज्याला बाबा स्वतः फोन करतील, तुम्ही नाही. ॲप त्यांच्या गळ्यात मारू नका, लोकेशन चुकलं की ड्रायव्हर ओरडतो आणि मग ते घराबाहेरच पडत नाहीत. सुरुवातीला संध्याकाळनंतर आणि पावसात स्कूटर बंद, एवढंच कबूल करून घ्या. पूर्ण बंदचं बोलणं दिवाळीनंतर काढा.